तीन प्रश्न आणि एक नवस

शुक्र. ६ ऑगस्ट ९९, फुजैरा
सुट्टी. उम्म अल कुवैनहून सलीमभाई आले. ह्यांच्याच कॉलेजचे, ह्यांच्यासारखेच फिजिओथेरपिस्ट, मूळ रत्नागिरीचे. येताना आमसुलं आणली. सोलकढी दोनदा मागून प्यायले, बरं वाटलं.
बातमी अशी, की मुंबईच्या आपल्या फिजिओथेरपिस्ट संघटनेने निवडणूक समिती काढली आहे. विधानसभेला उभे राहणाऱ्यांना गाठायचं आणि तेच तीन प्रश्न विचारायचे. फिजिओथेरपिस्ट काय करतो, माहीत आहे का? आमच्या नोंदणीसाठी परिषदेचा कायदा आला तर मत द्याल का? आणि पक्ष गप्प बसला तरी सभागृहात उठून बोलाल का? उत्तरं पटली की संघटनेकडून पत्रकं छापून द्यायची, थोडी मदत चेकने. रोख अजिबात नाही.
आम्ही समितीला २०० दिरहम दिले. म्हणजे तेवीसशे रुपयांच्या वर गेले. एरवी मी दहादा विचार केला असता. पण क्लिनिकच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, ह्यांना तोंडावर सांगितलंय, २००१ च्या मार्चमध्ये व्हिसा नवा करताना मायदेशाच्या परिषदेची नोंदणी दाखवा, नाहीतर कागदावर 'मसाजर' येईल. मसाजरला फॅमिली व्हिसा नाही. म्हणजे मी आणि आमची लेक मानसी गावाला, हे इथे बॅचलर खोलीत. आणि परिषदच नाही तर नोंदणी आणायची कुठून?

सोम. १६ ऑगस्ट
श्रावणी सोमवार. बेलपत्र मिळालं नाही, तुळस वाहिली. चालवून घे.
माझ्या भावाचा, बाळूचा फोन. आपल्या तालुक्यात तो मास्तरांसाठी गावोगाव फिरतोय. मास्तर म्हणजे त्याच्या शाळेतले, आता त्याच्या पक्षाचे उमेदवार. समोर जुने आमदार. बाळू म्हणाला, "ताई, मास्तरांना मी पढवून ठेवलंय. परिषद म्हणताच हो म्हणतील."
लगेच बाप्पाला बोलून टाकलं. मास्तर आले तर एकवीस मोदक, हातच्या पिठीचे. ह्यांना सांगितलं नाही.

शुक्र. २० ऑगस्ट
सलीमभाई पुन्हा. म्हणाले, "अरे, तुझ्याकडे आपल्या तालुक्याची एवढी पोरं पाठ धरून येतात. एकेकाला सांग, घरी फोन लाव, बायकोला सांग कुठे शिक्का मारायचा ते. फुकटचा प्रचार!"
हे नाही म्हणाले. "माझ्या टेबलावर पालथा पडलेला माणूस मला नाही कसं म्हणेल? उद्या परत त्याला माझ्याकडेच यायचंय."
"तू राजकारणात उपाशी मरशील."
"म्हणूनच तर पाठी दाबतो."
सलीमभाई हसले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, नवरा सरळ आहे तुमचा. त्रास होतो, पण सांभाळा." देवा, हे मागून मिळत नाही. आयतं पदरात घातलंस.

शनि. २८ ऑगस्ट
समितीचा फॅक्स क्लिनिकवर आला. आपल्या तालुक्यात दोघांनाही मदत! मास्तरांना आणि जुन्या आमदारांनाही.
मी म्हटलं, "अहो, एका मुलीला दोन नवरे बघतात का?"
हे म्हणाले, "दोघांनी तिन्ही प्रश्नांना हो म्हटलं. आपल्याला पक्ष नकोय, कायदा हवाय. कोणीही येवो."
जुन्या आमदारांनी पहिल्या प्रश्नाला "मालीश ना?" असं विचारलं म्हणे. समितीतल्या मुलीने तिथल्या तिथे त्यांचा आखडलेला खांदा वर करून दाखवला, तेव्हा पटलं.
तिसऱ्या एक बाई अपक्ष उभ्या आहेत, महिला मंडळाच्या. सलीमभाई फोनवर म्हणाले, "डिपॉझिट वाचलं तरी पुष्कळ." आम्ही सगळे हसलो. मीही.
आता नवसाचं काय? बाप्पाला सांगितलं, मास्तर नाही तर आमदार, पण मोदक तेवढेच. सौदा केल्यासारखं वाटलं.

सोम. ३० ऑग.
बाळू भडकलाय. पत्रक बघितलं त्याने. "ताई, भावोजींनी आमच्या छाताडावर बसणाऱ्याला पैसे दिले? मी उन्हातून मरतोय इथे!" समजावत होते, कार्ड संपलं. अर्ध्या वाक्यात तुटला फोन.

सोम. १३ सप्टेंबर
गणेश चतुर्थी. सुपारीचा गणपती. मोदक अकरा, नारळ एकच निघाला चांगला. मानसीने आरती पाठ म्हटली, मग "आई, कॅन आय स्टॉप क्लॅपिंग नाऊ?" मतदान आटोपलंय. बाळूचा फोन नाही. दर चतुर्थीला असतो.

शुक्र. ८ ऑक्टो.
निकाल कळला. मास्तर पडले, आमदार पडले. बाई आल्या!
बाळूनेच कळवलं. रडवेला होता, तरी हसला. "ताई, तुमच्या समितीने दोन्ही घोडे लावले, तिसरंच धावलं." महिन्याभराने आवाज ऐकला त्याचा. निकालापेक्षा त्याचंच जास्त वाटलं.
बाईंना तीन प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. हे जेवले नाहीत नीट. मी कॅलेंडरचं पान उलटवून मार्च बघत बसले, आणि ते तर २००१ चं नव्हतंच.

मंगळ. १९ ऑक्टो.
समितीचं पत्र. निवडून आलेल्या प्रत्येकाकडे आता जायचं, तेच प्रश्न घेऊन. हे दिवाळीच्या रजेवर जातातच आहेत, आपला तालुका ह्यांच्याकडे.
बाळूला बाई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुझे भावोजी दोघांच्या दारात समिती पाठवून मोकळे झाले. माझं दार दिसलं नाही का त्यांना?"
हे मला विचारतात, काय सांगू? म्हटलं, खरं ते सांगा. आम्हाला वाटलं, तुम्ही काही निवडून येत नाही.

सोम. १ नोव्हें.
ह्यांची बॅग भरली. बाईंसाठी खजुराचा डबा घातला होता, चांगल्यातला. ह्यांनी काढून ठेवला. "निवडणुकीआधी द्यायचं ते चारचौघांत दिलं. निवडून आल्यावर डबा नेला तर त्याला दुसरं नाव आहे." बरोबर आहे. खजूर खालच्या वॉचमनला आणि मानसीच्या टीचरला दिले. दोघंही खूश.

शुक्र. ५ नोव्हें.
चकल्या करत होते, फोन वाजला. बाळू, बाईंच्या घरासमोरच्या एसटीडी बूथवरून. स्वतःच्या पैशाने! एरवी एक रिंग देऊन ठेवणारा माणूस.
"ताई, भावोजींना मीच घेऊन आलो, स्कूटरवरून. ते आत गेलेत."
"तू?"
"मग काय, एकटे सोडू? त्यांना पत्ता तरी माहीत आहे का?"
"काय म्हणाल्या बाई?"
"दारातच विचारलं, आधी का नाही आलात. भावोजींनी तुझंच वाक्य सांगितलं. बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, बसा."
"मग?"
"मग मी बाहेर आलो. तुझ्याशी बोलायला."
"जा ना आत! ऐक तरी!"
"थांब गं... चहा चाललाय आत. दोन कप."
"ठेव आता, बिल चढतंय," मी म्हटलं. त्याने ठेवला नाही, मीही नाही.
शेवटी कट झाला. चकल्या करपल्या एका बाजूने. देवापुढे बसले तर हात जोडले फक्त, नवस बोलले नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. बाळू आला म्हणून, ह्यांना दारात उभं ठेवलं नाही म्हणून. पुढचं अजून कळलेलं नाही.