उजेडात धरलेली पट्टी

दि. ७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मी ठीक आहे, तुम्ही सगळेही ठीक असाल असं धरून चालते. अक्षर मोठं आणि वाकडं आलं आहे, त्याचं कारण पुढे येईल. हात थरथरतो की काय अशी शंका घेऊ नकोस.

मावशीकडून कळलं की तू नोकरी सोडलीस आणि कापडाच्या रंगांच्या शेड जुळवून देण्याचं काम स्वतःच सुरू केलंस. तेही घरबसल्या. नमुने कुरिअरने यायचे, बाकी बोलणं संगणकावर. "तिला उंबऱ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकावं लागत नाही," असं मावशी कौतुकाने म्हणाली. मला कौतुक वाटलं नाही. न मागता सल्ला देणं आपल्या धंद्यात मूर्खपणाचं, पण मोठ्या बहिणीला तेवढी सूट असते.

तू गेल्यापासून मीही तेच करते आहे. चार वर्षं. आपलं उत्तरेच्या खिडकीजवळचं टेबल, मी, आणि संगणकाचा पडदा. माणसं हळूहळू कमी झाली. रंगाई कारखान्याचा मॅनेजर पूर्वी जिना चढून यायचा, आपल्या दोघींच्या भांडणात तोंड घालायचा, चहा सांडायचा. आता तो एक ओळ लिहितो. गिऱ्हाइकंही ओळी लिहितात. घर इतकं शांत झालं की पावडरच्या डब्यात राहतो आहोत असं वाटावं. मला ते आवडायला लागलं होतं हे कबूल करते. दुपारचा उजेड मधासारखा टेबलावर यायचा, पांढरे तुकडे लोण्यासारखे दिसायचे, आणि मला वाटायचं, वयाबरोबर जग मवाळ होत असावं. माझ्यासारखीला असं वाटलं म्हणजे तेव्हाच शंका यायला हवी होती.

असो. गेल्या गुरुवारी मी एका बैठकीला गेले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एकेकट्याने सल्ल्याचं काम करणारे लोक महिन्यातून एकदा सकाळी जमतात. मला बोलावलं ते इमारतींच्या गळतीवर सल्ला देणाऱ्या एका बाईने. तिला तिथे सगळे गळतीबाई म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तीन महिने ती मागे लागली होती. शेवटी तिचं तोंड बंद करायला म्हणून गेले.

तिथली पद्धत विचित्र आहे. आपण काय काय केलं ते सांगायचं नाही. प्रत्येकाने आपलं अडलेलं काम आणायचं आणि टेबलावर ठेवायचं. लिफ्ट तपासणाऱ्या गृहस्थांनी एक झिजलेली कप्पी ठेवली. खोकी आणि वेष्टनं आखून देणाऱ्या मुलीने एक खोकं ठेवलं, जे कुणालाच पहिल्या झटक्यात उघडता आलं नाही. गळतीबाईंनी भिंतीवरच्या एका डागाचा फोटो ठेवला. म्हणाल्या, "हा डाग वर चढतोय. पाणी वर चढत नाही. मग हा कोण आहे?"

खोली मोठी होती, खिडक्या उंच, सकाळचा उजेड खडूच्या धुळीसारखा तरंगत होता. सगळे एकदम बोलत होते आणि तरी कुणी कुणाला अडवत नव्हतं. लिफ्टवाल्यांनी डाग पाहून सांगितलं की भिंतीमागे बंद पडलेली लिफ्टची विहीर असेल, खालचा दमटपणा तिथून वर येत असेल. गळतीबाईंनी कपाळावर हात मारला. दोन महिने ती बाई त्या डागाचे फोटो जगभर पाठवत होती. मी तिथे कधीची ओळखीची असल्यासारखी बसले होते. स्वप्नात नाही का, परक्या घरात आपण पाण्याचा माठ कुठे आहे ते न विचारता जातो, तसं.

माझं काही अडलेलं नव्हतं, म्हणून मी आपल्या रंगीत कापडाच्या आठ पट्ट्या नेल्या होत्या. हिरव्यापासून निळ्यापर्यंत क्रमाने लावल्या. म्हटलं, बघा, हे काम यंत्राला जमतं, पण डोळ्यासारखं नाही.

गळतीबाई वाकून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, यातल्या दोन उलट्या लागल्यात ना?"

"नाही," मी म्हटलं.

"पाचवी आणि सहावी."

"पडद्यावर आणि प्रत्यक्षात फरक दिसतो कधीकधी."

"इथे पडदा कुठे आहे?"

लिफ्टवाल्यांनी दोन्ही पट्ट्या उचलून खिडकीशी उजेडात धरल्या. परत ठेवताना त्यांनी जागा बदलून ठेवल्या, हळूच, जणू कुणाचा चष्मा सरळ करावा. मला तरीही फरक दिसला नाही.

धाकटे, हा तुझ्यासाठी मुद्दा. पडद्यावर रंग चुकला की लोक पडद्याला बोलतात. चार वर्षं माझ्या शेडवर जी कुरकूर आली तिच्यावर मी "स्क्रीनचा फरक" असं उत्तर लिहिलं, आणि लोकांनी ते मानलं. समोर बसलेल्या माणसाला हे उत्तर देता येत नाही. कामं मिळतात, ओळखी होतात, ते सगळं खरंच. पण एकट्याने काम करणाऱ्याला मुख्य गरज असते ती त्याच्याकडे बघणाऱ्या कुणाची तरी.

गळतीबाईंनी मला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. माझं काही एक न ऐकता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिवळा पडलेला. निदान चार-पाच वर्षांचा असावा म्हणाले. काल पुन्हा तपासायला बोलावलं आणि डोळ्यांत थेंब घातले, त्यांचा अंमल अजून थोडा आहे, म्हणून हे अक्षर. काल परतताना रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला पाकळ्या फुटल्या होत्या. गळतीबाई कोपर धरून चालत होत्या आणि मी एका शब्दाने तक्रार केली नाही, यावरून काय ते समज.

एक काम आलं आहे. वेष्टनवाली मुलगी एका वृद्धाश्रमासाठी औषधांच्या डब्या आणि दारांच्या पाट्या आखते आहे. म्हातारी माणसं कुठले रंग गोंधळतात हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. माझ्या पट्ट्या पाहून ती म्हणाली, "मला तुमचेच डोळे हवेत. आहेत तसे." म्हणून मी पुढच्या महिन्यात एकाच डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार, दुसरा काम संपेपर्यंत ठेवणार. पण खरा रंग सांगणारं दुसरं माणूस शेजारी लागेल. मी तुझं नाव सुचवलं आहे. विचार करून कळव.

घरच्यांना आशीर्वाद.

तुझी ताई


दि. ९ नोव्हेंबर

धाकटे,

परवाचं पत्र पोचलं असेल किंवा पोचेल. नंतर ते आठवून पाहिलं. नीटनेटकं होतं. त्यात कामाबद्दल होतं, सल्ला होता, डॉक्टर होते. एक गोष्ट सोडून सगळं होतं. "निदान चार-पाच वर्षांचा" हे लिहिताना माझा हात थांबला होता आणि मी तो पुढे ढकलला.

नाट्यगृहाच्या पडद्याचा तो गडद निळा.

तू तुकडा खिडकीशी धरून म्हणाली होतीस, "ताई, यात हिरवा शिरलाय." मी म्हटलं, "कालची पोर मला रंग शिकवणार का?" आणि सही करून मोकळी झाले. चारशे मीटर कापड रंगून आलं. नाट्यगृहाचे व्यवस्थापक त्यातला एक तुकडा खांद्यावर टाकून, चार माणसांना घेऊन आपल्या दारात उभे राहिले, आणि त्यांनी विचारलं, हे कुणी पास केलं. मी तुझ्याकडे पाहिलंही नाही. म्हटलं, "धाकटीच्या हातून झालं. नवीन आहे अजून."

तू नवीन नव्हतीस. सोळा वर्षं माझ्याबरोबर होतीस. हातातली टेप गुंडाळत राहिलीस, शेवटपर्यंत, अगदी सारखी. संध्याकाळी रंग तपासायचा तुझा दिवा घेऊन कायमची गेलीस.

डोळ्यांमुळे झालं असं मी म्हणू शकते. डॉक्टरांचा कागदही आहे. पण डोळ्यांनी फक्त रंग चुकवला. तुझं नाव मी घेतलं, ते काय करते आहे हे स्वच्छ दिसत असताना. मला त्या क्षणीच वाटलं होतं की तुझं बरोबर असावं. म्हणूनच बोलले तशी.

तुला एक सांगू? स्वप्नात मला निळा अजून निळाच दिसतो. गेले काही महिने तीच खोली दिसते, तीच खिडकी, टेबलावर इतका स्वच्छ निळा की त्यात हात बुडवावा. तू समोर बसून काहीतरी मोजत असतेस. मी विचारते, बरोबर आहे का गं? आणि तू उत्तर द्यायला मान वर करतेस तेवढ्यात मला जाग येते. जागेपणी तुला हे विचारायला चार वर्षं लागली.

त्या व्यवस्थापकांना मी काल भेटून आले. निवृत्त झालेत, बागेत खुरपणी करत होते. त्यांना सांगितलं की तो निळा माझा चुकला होता, बहिणीचा नव्हता. ते म्हणाले, "अहो, मी तर कधीच विसरलो." मी म्हटलं, "ती विसरली नसेल." मग त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

कामाचं मी लिहिलं ते निमित्त होतं. नाही म्हणालीस तरी चालेल, मी दुसरं कुणी शोधेन. पण बुधवारी दुपारच्या बसने मी तुझ्याकडे येते आहे. फोन करू नकोस. फोनवर मला कडक आवाज काढता येतो आणि सगळं पुन्हा तिथेच राहील. जे म्हणायचं ते तुझ्या तोंडावर म्हणायचं आहे, तुझ्या घरच्यांसमोर, कारण केलं तेही चारचौघांत केलं होतं. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही उघडलंस तर पुढच्या बुधवारी येईन.

तुझ्या माथी आपली चूक मारून चार वर्षं गप्प बसलेली,
ताई