खाडीला गेट नसतं

३ एप्रिल
कंटेनर यार्डच्या कंपनीचं पत्र आलं. मिठाचं जुनं गोदाम मेअखेरपर्यंत रिकामं करायचं. आत उभ्या गाडीला त्यांनी 'लोखंडी अडथळा' म्हटलंय. एकतीस वर्षं पेपरच्या डेस्कवर दुसऱ्यांची वाक्यं सुधारली, हेही सुधारलं. लाल पेनाने 'अडथळा' खोडून वर लिहिलं: आप्पांचा रणगाडा. पत्र परत पाठवलं.

तसा तो रणगाडा नाही. तोफ कधीच नव्हती. लढाईतली, पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी गाडी. युद्ध संपल्यावर मिठागराच्या शेठने लिलावात घेतली, चिखल नि मीठ ओढायला. आप्पा, माझे वडील, ती चालवायचे. गाव रणगाडाच म्हणतं.

६ एप्रिल
इंजिन, चाकं, पट्टे दुरुस्तीसाठी गेल्या वर्षीच सुटे करून कोपऱ्यात रचलेत, तेलकट गोणपाटाखाली. उरलं नुसतं धड. गंजका पेटारा. आज पोपडे काढायला घेतले. एकेक पोपडा पापडाएवढा. हातोडी, तारेचा ब्रश, ग्राइंडर. दिवसभरात डाव्या बाजूचा हातभर भाग. गंजाखाली शेठचा निळा, त्याखाली लष्कराचा हिरवा. हिरवा दिसला तेव्हा उगाच...

सुनंदा दारातच अडवते. "कपडे बाहेर काढा. गंज घासायला मी ग्राइंडर नाही, बायको आहे."

९ एप्रिल
नितेश आला. माझ्या भावाचा मुलगा, आप्पांना आबा म्हणायचा. भरावाचं कंत्राट त्याच्याकडेच. हेल्मेट घालूनच चहा प्यायला.

"काका, ट्रेलर आणा, घेऊन जा. मी नाही म्हणतोय का?"

"मागचा रस्ता भिंत घालून बंद केलात."

"मग मेन गेटने."

"आणि गेट पास?"

मग त्याने खरं सांगितलं. गेटमधून बाहेर जाणारं लोखंड भंगार म्हणूनच जातं, तुकडे करून. पास तसाच छापलाय, दुसरा रकानाच नाही. एक जूनला गॅस कटर येणार.

"आबांची आठवण म्हणून पट्ट्याची एक कडी ठेवू ना घरात. मी स्वतः पॉलिश करून आणतो."

सुनंदा आतून: "कडी तुझ्याच गळ्यात घाल. आबांच्या मांडीवर बसून रणगाड्याचं हँडल फिरवायचास तू."

हेल्मेट काढलं तेव्हा. पण म्हणणं बदललं नाही.

१४ एप्रिल
तळ सडलाय. धर्माला बोलावलं. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला, शाळेतला सोबती. हयात होड्यांचे नि बार्जचे तळ जोडण्यात गेली. वाकून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"जल्ला, तल हाय का चालन? भोकाच भोका."

म्हटलं, म्हणून तर बोलावलं.

"तीन आठवडे दे. मधी बोलू नको. तुला पेपरातला कलतं, लोखंडातला नाय."

बोललो नाही. सडलेला पत्रा कापून नवा घालतोय. मी वरच्या बाजूंवर. दोघं दिवसभर ठोकत असतो, एकमेकांना ऐकू येत नाही. बरं चाललंय.

२२ एप्रिल
आप्पांच्या सीटखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात मिठाचा खडा सापडला. दगडासारखा. सुनंदाने जिभेला लावून बघितला. "अजून खारट आहे हो."

खांड पडली तेव्हाचा असणार. मी सात वर्षांचा. उधाणाच्या भरतीला बांध फुटला. मातीच्या गोणी टाकल्या तशा वाहून चाललेल्या. आप्पांनी ही गाडी सरळ त्या खिंडारात घातली, इंजिन बंद केलं, उतरले. गाडीच्या आधाराने गावाने गोणी रचल्या. चार दिवस ती खाऱ्या पाण्यात उभी होती. हा गंज तेव्हा लागला. शेतं वाचली. आता त्याच शेतांवर कंटेनर रचणार आहेत. रचोत. पण जी गाडी एकदा बांध झाली, ती भंगाराच्या पासवर बाहेर जाणार नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला माघार घेता येणार नाही.

५ मे
धर्माचं काम पुरं. वेल्डवरून बोट फिरवत म्हणाला, "आता हिच्यात मासं पाल." रेड ऑक्साइडचे दोन हात मारले. बाहेर कशी न्यायची, ते अजून कळलेलं नाही. तीन ट्रेलरवाल्यांना विचारलं. तिघांचं एकच, पास आणा.

९ मे
पहाटे अवकाळी पाऊस. गोदामाचे निम्मे पत्रे वादळात गेलेत ते गेलेच. सकाळी जाऊन बघतो तर धड गुडघाभर पाण्याने भरलेलं. तळाला हात घालून चाचपलं. लष्कराने पाणी निचरायला ठेवलेली सहा गोल भोकं होती. धर्माने सहाच्या सहा बुजवली आहेत. वरून वेल्ड, खालून वेल्ड.

डेस्कवर कधी आवाज चढवला नाही. आज चढवला.

"ती भोकं मुद्दाम होती, धर्मा!"

"मुद्दाम? तलाला?"

"पाणी बाहेर जायला."

"आन त्याच भोकानं आत आला मंग?"

"ही होडी नाही रे!"

"मंग मना कशाला बोलावलास? पनवेलचा गॅरेजवाला आनाचा होता."

चहा न घेता गेला. असं साठ वर्षांत झालेलं नाही. पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारली. का मारली, माहीत नाही. सवय.

१२ मे
रागाने दोन दिवस गेलो नव्हतो. आज गेलो. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली, तेवढं उन्हाने घेतलं असणार. खाली वाकलो. ओंडक्यांवर टेकलेला तळ कोरडा. खालची धूळसुद्धा कोरडी. इतकं पाणी पोटात, आणि एक थेंब बाहेर नाही.

जे बाहेर सोडत नाही, ते आतही...

जमिनीवरच बसलो. गोदामाच्या दारापासून जुना धक्का शंभर पावलांवर. मिठाचे मचवे तिथेच लागायचे. धक्क्याला भिंत नाही. पलीकडे धर्माचं आवार.

दुपारच्या तरीने कोळीवाड्यात गेलो. धर्मा कुणाचीतरी होडी उलटी घालून घासत होता. मान वर केली नाही.

"धर्मा, ती होडी आहे."

"ता मी कवाच सांगितला."

चहा आला. दोन कप.

१५ मे
मी वजन मांडायला बसलो. लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी. दोन पानं झाली. धर्माने धडाला एक फेरी मारली, कोपराने दाबून बघितलं. "हातभर पानी लागंल." माझ्या हिशेबात धड एक फूट दोन इंच बुडणार. कागद घडी करून खिशात.

अमावस्येच्या उधाणाला धक्क्याच्या उतारावर कमरेएवढं पाणी येतं, आणि अवसेची भरती भरदुपारी. अमावस्या सत्तावीसला. मुदत एकतीसला. एवढ्या सैल मुदतीत मी कधी काम केलेलं नाही.

२० मे
धड उपसून कोरडं केलं. धक्क्यापर्यंत ओंडके मांडले. नितेशने बघितले.

"काका, हे कशाला?"

"होडी ओढायला."

"कुठली होडी?"

मी ओंडके सरळ करत राहिलो. त्याने धर्माकडे बघितलं, धडाकडे बघितलं, धक्क्याकडे बघितलं. "मरायचंय का? हे ऑफिशियली मला माहीत नाही हं."

"मग अनऑफिशियली चेनपुली दे."

नाही दिली. कोळीवाड्यातली दहा माणसं आली. एक जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढायचे दिवसच आहेत हे. त्यात आणखी एक. ओढताना तेच ओरडणं, तीच शिवी. संध्याकाळी धड धक्क्याच्या उतारावर.

२७ मे
झालं.

साडेअकराला पाणी तळाला लागलं. धर्माने पुढच्या पत्र्यावर नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं. सुनंदा म्हणाली, "लष्कराला चालेल का?" धर्मा म्हणाला, "लष्कराला कोन इचारतंय."

बारा वाजून काही मिनिटांनी खालचा ओंडका आपोआप सुटून वर आला. मग दुसरा. धड हललं. कुणी हात न लावता हललं. मी आत, धर्मा आत, पुढे त्याच्या पुतण्याची होडी दोर लावून. मोजलं तर धड दीड फूट बुडालेलं. मी चार इंचांनी चुकलो, धर्मा नाही.

भिंतीवरून शिट्टी. वॉचमन. पुन्हा शिट्टी. वाजव बाबा. खाडीला गेट नसतं.

मधल्या प्रवाहात पुढची बाजू दबायला लागली. तिथला पत्रा दुप्पट जाड, ते दोघांच्याही लक्षात नव्हतं. दोर ताणला की आणखी खाली. पाणी काठापासून चार बोटं. मी तसाच पुढे उभा, पुतळ्यासारखा. तेवढ्यात भिंतीवरून हाक आली, बोंबच.

"काका! नाक चाललंय खाली! मागे बसा, मागे! धर्माकाका, दोर ढिला करा!"

नितेश. हेल्मेट हातात.

मागे जाऊन बसलो दोघंही, शाळेतल्या बाकावर बसल्यासारखे. नाक वर आलं.

पावणेएकला कोळीवाड्याच्या उताराला तळ टेकला. आत पाहिलं. तळाला पाणी नव्हतं. धर्माने तळावरून हात फिरवला आणि कोरडा तळवा मला दाखवला.

२९ मे
पट्टे नि चाकं होडीने दोन खेपांत. इंजिनाची चिंता होती. सकाळी गोदामाच्या दारात चेनपुली पडलेली. कुणी ठेवली, ऑफिशियली माहीत नाही.

गोदाम रिकामं. झाडून दिलं. किल्लीसोबत चिठ्ठी: अडथळा स्वतःहून निघून गेला.

२ जून
कोळीवाड्यात मोजणीवाले येऊन गेले. धर्माच्या उतारावरच्या दगडावर लाल रंगाचा बाण. कशाचा, कुणी सांगत नाही. नितेशला फोन केला. "काका, मला खरंच माहीत नाही." खरं वाटलं. ते जास्त वाईट.

पाऊस दोन-चार दिवसांत लागेल. धड आता जमिनीवर. भोकं उघडली नाहीत तर आत पाणी साठणार, साठलं की गंजणार. सकाळी धर्मा ड्रिल घेऊन उभा.

"तू म्हनशील तसा. सहाच्या सहा उघडून देतो. तुझी गारी हाय."

बाणाकडे बघितलं. मग खाडीकडे.

"राहू दे."

ड्रिल पेटीत गेलं. दोघांनी मिळून ताडपत्री टाकली, कडेने दोर आवळला. धर्माने गाठ मारली ती होडीची, एका हिसक्यात सुटणारी.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं. पुढची अमावस्या पंचवीस जूनला.