तोंड नसलेला गडी

३ नोव्हेंबर १९८७, मंगळवार

आज टीव्हीला हरवलं. म्हणजे टीव्हीला जोडलेल्या डब्याला. शमशाद त्याला कॉम्प्युटर म्हणते, मी डबाच म्हणणार. तिच्या कॉलेजच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीपुरता दिलाय. पण त्यातलं बुद्धिबळ तिनं स्वतः घातलंय— माझ्या नातीनं. शिवाजी पेठेत दुसऱ्या कुणाची नात असलं काही करत असेल तर दाखवा.

डबा पडद्यावर आपली चाल सांगतो, शमशाद ती लाकडी पटावर खेळते, मग मी. एका चालीला इतका वेळ घेतो की मेथीची जुडी निवडून झाली. मी एक उंट उघडा टाकला. डब्यानं झडप घातली. मग पुढच्या दुसऱ्या चालीला मी त्याचा वजीर उचलला.

"दादी, तुम्ही आमिष दाखवलंत."

म्हटलं, "मग काय, पानसुपारी दाखवू?"

मेहमुदा लिहिता लिहिता हसते. माझी सून, शमशादची आई. मला अक्षर येत नाही आणि हिला बोलायला येत नाही, म्हणून आमचं जमतं.

४ नोव्हेंबर, बुधवार

शमशादला विचारलं, तुझा डबा डोकं कसं चालवतो ते सांग. पोरगी फुलली. म्हणाली, त्याला पट दिसतच नाही, नुसते आकडे. प्यादं एक, घोडा न् उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. आपली बेरीज करायची, त्यातनं माझी वजा करायची. काय उरलं तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात येतो. त्यावरनं कळतं कोण वर, कोण खाली. मला आकडा वाचता येत नाही, ती वाचते.

"आणि चाल कशी निवडतो?"

"आपल्या सगळ्या चाली मनात खेळून बघतो. प्रत्येकीवर तुमचं उत्तर, त्यावर परत आपली चाल. तिथं थांबून मोजतो. आणि तुम्ही त्याला सगळ्यांत महाग पडंल अशीच चाल करणार, असं धरून चालतो."

"म्हंजे मला हुशार समजतो."

"व्हय की."

बरा आहे. घरात एक तरी निघाला.

"मग उंट का खाल्ला त्यानं?"

"तिथंच थांबला न्हवं. उंट मिळाला, बेरीज वाढली. पुढं वजीर जातोय हे बघितलंच न्हाई." तोंडात घास घेऊन डोळे मिटणारा गडी.

मी असलं मोजत नाही. ह्यांनी मला डाव शिकवला तो कलईच्या दुकानात, भात्याशेजारी बसून. तेव्हापासून मी पटाकडं कमी, गड्याच्या तोंडाकडं जास्त बघते. हंबीरराव हरायला लागला की त्याचा हात मिशीकडं जातो. आकाराम वकील चष्मा पुसतो. एखादा टोमणा मारायचा, तोंड काय करतं ते बघायचं, की सगळा डाव कळतो. ह्या डब्याला तोंडच नाही. मी काहीही बोलले तरी मख्ख.

७ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याच्या कंपनीनं शमशादला बोलावलंय. कॉम्प्युटरचं काम. वीस तारखेला हजर व्हायचं. गल्लीभर सांगून आले.

रात्री जेवताना निसार, माझा मुलगा, म्हणाला, "न्हाई. पोरीनं एकटीनं पुण्यात ऱ्हायाचं न्हाय. जयसिंगपूरच्या शाळेत जागा हाय. रोज जाऊन येऊन कर."

शमशाद ताटावरनं उठली. निसार म्हणाला, "माझं न्हवं, अम्मा म्हणंल ते शेवटचं." त्याला वाटलं, अम्मा आपलीच. चुकीचं वाटलं नाही. ही गेली तर मी कुणाबरोबर खेळू? हंबीररावाच्या मिशीबरोबर?

पण पोरीकडं बघितलं न् तोंडातनं निघून गेलं, "तुझ्या डब्यानं मला हरवलं तर पुणं. न्हाईतर जयसिंगपूर. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, एकच डाव."

"दादी, मुद्दाम हरायचं न्हाई हं."

झोंबलं मला. "नव्या नवरीची मेंदी सुकली न्हवती तवा तुझ्या आज्ज्याला सोडलं न्हाई. तुला सोडीन?"

मेहमुदाचं पेन थांबलंय. लिही, बाई.

१० नोव्हेंबर, मंगळवार

शमशाद जेवायलासुद्धा उठत नाही. आज म्हणाली, डब्याला शिकवलं— मारामारी चालू असताना मोजायचं नाही. हा त्याला मारतोय, तो ह्याला मारतोय, ते सगळं थांबू दे, मग बेरीज कर. शिवाय आता जागेलाही किंमत लावलीय. घोडा मधोमध असला तर जास्त, कडेला पडला तर कमी.

म्हटलं, "बरोबर हाय. शेजारची धोंडुबाई बघ. घरात असली तर काहीच न्हाई, दारात येऊन बसली की सगळ्या गल्लीला भारी."

"तेच, दादी. अगदी तेच."

१२ नोव्हेंबर, गुरुवार

शमशादची नजर चुकवून नव्हे, समोरच खेळून बघितलं. परत उंट उघडा टाकला. डब्यानं ढुंकूनही बघितलं नाही. भीती वाटली आणि छाती फुगली, दोन्ही एकदम.

१५ नोव्हेंबर, रविवार

हरले.

सकाळी निसार कारखान्याला सुट्टी टाकून बसला. धोंडुबाई आली, दारात न बसता आत बसली. मी सुरुवातीपासून जीभ सोडली होती. "तुझ्या डब्याला झोप आलीया का?" "हत्ती हाय का म्हैस?" शमशाद हसायची, डबा आपला खेळत राहायचा. आमिष घेतलं नाही. घोडा कडेला नेला नाही. बघता बघता त्याचा हत्ती आणि वजीर माझ्या राजाच्या दारात येऊन उभे.

बराच वेळ बसले. राजाला कुठं न्यावं कळेना. सवयीनं समोर बघितलं तर टीव्ही. मग शमशादच्या तोंडाकडं बघितलं. तिनं पडद्यावर एक नजर टाकली, चहात साखर ढवळली आणि निवांत म्हणाली, "तुमची चाल, दादी."

तेव्हाच कळलं, डाव गेला. राजा आडवा केला.

निसार म्हणाला, "अम्मा, मुद्दाम केलंस तू."

"अल्लाची शपथ, निसार. मला वाटच दिसली न्हाई."

मी उगाच शपथ घेत नाही, त्याला माहीत आहे. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, "जा मग," म्हणाला आणि चप्पल घालून बाहेर गेला.

धोंडुबाईला म्हटलं, "बघितलंस? मला हरवायला माझीच नात लागली." हरून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

शमशादला पुण्याच्या एस.टी.त बसवून आलो. गाडी हलली तशी खिडकीतनं वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "दादी, राजा आडवा केलात तवा पडद्यावरचा आकडा तुमच्या बाजूनं होता. घोड्यानं शह दिला असता तर वजीर तुमचाच."

घरी येऊन पट मांडला. घोडा तिथंच होता. आणि कारटी साखर ढवळत होती.

मेहमुदा विचारते, निसारला सांगायचं का? म्हटलं, मी घेतली ती शपथ खरी होती. तू नुसतं लिही.