डावा स्पीकर

मंगळवार, दिवे लागल्यावर

डावा स्पीकर मुका झाला म्हणून दोन दिवस मी साऱ्या घराले छळलं. खामगावच्या ज्या मेकॅनिकनं तो दुरुस्त करून देला, त्याले फोनवर इतकं बोलली का त्यानं पुन्हा फोनच उचलला नाही. रेकॉर्ड पुसून लावली, सुई बदलली. तरी सारा आवाज उजवीकडूनच. डावीकडं नुसती भिंत.

सून शोभा म्हणे, "आत्याबाई, दोन्ही वाजून राह्यले."

"तुले काय कळते वं त्यातलं? तुले मिक्सर अन् गाणं सारखंच."

शोभा हासली. तिनं वायरी उलटसुलट करून देल्या. तरी डावा मुकाच. म्हणजे स्पीकरच मेला, असं मी ठरवून टाकलं.

आज चिडून त्याले थापड मारायले गेली. हात जाळीवर टेकला अन् तिथंच राह्यला. जाळी थरथरत होती. ढोलकीच्या ठेक्यागणिक हाताले धक्का. म्हणजे तो वाजून राह्यला होता? मी उजवा कान दाबून धरला. गाणारी गेली, ढोलकी गेली, सारंच गेलं. तळहाताखाली फक्त ती थरथर.

लय भेव वाटलं. उजवा कानही असाच गेला तर? कपाटभर रेकॉर्डी जमवल्या, त्या काय हातानं ऐकू?

उद्या बुलढाण्याले कानाच्या डॉक्टरकडं जाणं आहे. शोभाले आताच सांगते. उजव्या अंगाले बसवून सांगते, म्हणजे ती काय बोलन ते ऐकू तरी येईन.