निसटलेलं चाक

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळपासून वाट्या घासत बसले. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं नवं चाक, त्याच्या अठरापैकी अकरा झाल्या. पितळेची धूळ नाकात, केसात, चहात. पलीकडे सुनीलच्या चारही मजल्यांवर भाडेकरू आयटीवाल्यांच्या चादरी लटकतायत, या पावसात कसल्या वाळतायत! धाकटा भाऊ आहे माझा, पण रोज जाता जाता तेच वाक्य टाकतो. "ताई, शेड पाड, खोल्या काढ. माण गावात आता लेथ कोण चालवतं?"

मी चालवते. जा, काम कर तुझं.

दु. साडेतीन. फोन. ताम्हिणीच्या वरच्या वाडीतला गणपत. धापा टाकत होता. "वंदनाताई, चाक निसटलं. पत्रा फाडून भाईर आलं. हिराबाईच्या पायावर."

मी काय विचारलं? "कुठलं चाक?"

कुठलं चाक! त्या वाडीत माझं एकच तर आहे. दीड महिन्यापूर्वी मी आणि वडिलांनी, अण्णांनी, बसवलेलं. त्याच्यावर अकरा घरांचे दिवे आणि हिराबाईची गिरणी. पण डोकं बंदच पडलं होतं. हातात वाटी तशीच, आणि मी तिच्याकडे बघत उभी.

अण्णांना सांगितलं. कानस खाली ठेवली त्यांनी. "हाय का जिती?" हाय म्हटलं. "मग हुभी का? गाडी काढ."

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल रात्री हिराबाईला पुण्याच्या दवाखान्यात आणली. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडलीत. पहाटे ऑपरेशन झालं. पावलाचं काय ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर. बोटं हलत नाहीत.

दुपारी भेटले. पन्नाशीची बाई, वाडीतला वॉल उघडायचा आणि बंद करायचा तो तिनेच. ओढ्याचं पाणी पाइपात सोडणं, चाक गरगरलं की गिरणीचा पट्टा चढवणं, सगळं दोन दिवसांत शिकली होती. बाप्यांना आठ दिवस लागले असते. मला बघून उठायलाच लागली. नर्स ओरडली.

म्हणाली, "ताई, माज्या हातनं चुकलं. खडखड आवाज याया लागला, मी घाबरले नि वॉल गचकन बंद केला. येवढं सोन्यासारखं चाक मोडलं तुमचं."

माझी माफी मागत होती. पाय तिचा मोडलाय, आणि माफी ती मागतेय.

वॉल गचकन बंद केला तर पाइप फुटेल एक वेळ. चाक निसटत नाही. मला माहीत आहे. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. मी नुसती तिच्या चादरीची घडी नीट करत राहिले. 

जाऊ दे.

१३ ऑगस्ट, बुधवार

गणपतने टेंपोतून चाक पाठवलं, गोणपाटात गुंडाळून. अण्णा बँकेत गेले होते, बरं झालं.

आधी वाट्या बघितल्या. वाट्यांचं वेल्डिंग माझं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही तो त्यापायीच. एकेक जोड पुसला, रॉकेल लावलं, पुसून वरून खडू फिरवला. चीर असेल तर खडू ओला होतो. अठराच्या अठरा कोरड्या. एकही गेलेली नाही.

आनंद झाला मला. खरं सांगायचं तर उडीच मारायची बाकी होती. आता लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

मग वाट्या जिच्या कडेला जोडलेल्या, ती चकती उलटी केली.

पिवळं.

चकतीचं तोंड शाफ्टवरच्या हबला जिथे चिकटून बसतं, तिथे अख्खं गोल पिवळं. तेलात कालवल्यासारखं. एका जागी अंगठा ओढल्याची खूण. नाकाजवळ नेलं. हळद. आमच्या देवघरातल्या डबीतला भंडारा.

मी चकती खाली ठेवली आणि बाहेर पावसात जाऊन उभी राहिले. सुनीलचा एक भाडेकरू छत्रीतून "आंटी, आर यू ओके?" करून गेला.

आई गं. अण्णा.

आधी चकती आणि हब एकाच ओतकामात यायचं. वाट्या झिजल्या की अख्खं धूड शाफ्टसकट खांद्यावर खाली आणायला लागायचं. मागच्या वर्षी मी ते वेगळं केलं. चकती सुटी, सहा बोल्टांनी हबला आवळायची. नुसती चकती एकटा माणूस पिशवीत घालून आणतो. चांगलंच केलं होतं. पण मग सगळी पकड तोंडाला तोंड भिडण्यात. मध्ये कागदाएवढी भुकटी आली तरी आज घट्ट बसलेला बोल्ट महिन्याभरात ढिला. भुकटी दबत जाते ना.

बसवायच्या आदल्या दिवशी मी पाइप आणायला पौडला गेले होते. जाताना डायल लावून फिरवून बघितलं होतं, केसभर डगमग नव्हती. आले तर अण्णांनी चाक पुसून, तेल लावून तयार ठेवलेलं. म्हणाले, "झालं बग तुझं काम."

तेवढ्यात उघडलं असणार.

असंच दुसरं चाक धनगरवाड्यावर फिरतंय. आत्ता, या क्षणाला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

स. सहाला निघाले. काल रात्रीपासून फोन लागेना तिकडे, नेहमीचंच. अण्णांना म्हटलं, सर्व्हिसिंगला जाते. घाटात समोरचं दिसत नव्हतं आणि मी गाडी हाणत होते. देवा, ते चाक आजचा दिवस नीट फिरू दे, एवढंच तोंडात.

धनगरवाड्यावर रामभाऊ वॉल सांभाळतो. शेरडं बाहेर काढत होता. पोचल्या पोचल्या ओरडले, पाणी बंद कर! हळू कर, पण कर!

"काय झालं, ताय?"

"कर आधी."

चाक थांबलं. पत्रा काढला. सहापैकी चार बोल्ट बोटांनी फिरले. पाना लागलाच नाही. दोन बोटांत धरून मी बोल्ट फिरवतेय, आणि रामभाऊ बघतोय. म्हणाला, "चार दिस झालं गुरगुरतंय जरा. आमाला वाटलं पानी वाढलंय."

मागेच त्याच्या बायकोने घोंगडी वाळत टाकली होती. पत्र्याला टेकून. पोरं तिथेच ऊब घेत बसतात म्हणे, यंत्र गरम असतं म्हणून.

खाली चिखलात बसले.

चकती काढली. पिवळं. तसंच गोल, तसाच अंगठा.

रामभाऊला खरं सांगितलं नाही. "तपासायचंय" म्हणाले. चकती पिशवीत घालून घेऊन आले. किती सोपं झालंय न्यायला.

१६ ऑगस्ट, शनिवार

दोन्ही चकत्या बाकावर उलट्या ठेवल्या आणि अण्णांना हाक मारली.

"अण्णा, हे तुम्ही लावलं?"

"व्हय. मग?"

"दोन्हींना?"

"दोन्ही काय घिऊन बसलीस? आजवर या शेडातनं जे जे ग्येलं त्या समद्यांला. उसाचे चरक, चाकं, मोटरींचे पंखे. तू पाळण्यात हुतीस तवापास्नं. देवाचं लावल्याबिगर यंत्र दारातनं भाईर काढायचं न्हाई. माज्या बापानं शिकवलं मला." आणि वर, "येक तरी परत आलं का?"

मी म्हटलं, "हे आलं."

समजावलं त्यांना. बोल्ट, पकड, भुकटी. एक्काहत्तर वर्षांचा माणूस, निम्मं आयुष्य भट्टीपुढे गेलेलं. मी बोलत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता. मध्येच मला थांबवायला पाहिजे होतं कुणीतरी. मी सुटलेच होते. म्हटलं, "त्या बाईचं पाऊल गेलं तर काय करणार आहात? देव देणार आहे का नवं?"

हे नको होतं बोलायला.

अण्णांनी चकतीवर अंगठा ठेवला, त्या खुणेवर. मग धोतराला पुसला. जेवले नाहीत. देवघराचं दार लावून घेतलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

अण्णा दोन दिवस शेडात आले नाहीत. असं मी कधी बघितलेलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी लेथपाशी होते.

गणपतचा फोन. वाडीची बैठक झाली. गिरणी हिराबाईकडून काढून घ्यायची ठरतेय. येत्या रविवारी पक्कं करणार. "लोकं म्हनत्यात, बाईच्या हातात वॉल द्यायलाच नगं हुता. मी काय बोलनार?"

काय बोलणार म्हणजे? अरे, तू तिथे होतास! खडखड आधी झाली, वॉल नंतर बंद केला, हे तूच तर सांगितलंस मला.

हे फोनवर बोलले नाही. इथे वहीत बोलतेय. शूर मी!

सुनीलला कुठून तरी वास लागला. आला, खुर्ची ओढली, आवाज खाली. "ताई, तोंड उघडू नकोस. ती बाई स्वतःच म्हणतेय ना तिची चूक? मग? अण्णांचं नाव या वयात चारचौघांत घेणारेस?"

हाकलून दिला. पण मग रात्रभर तेच डोक्यात. वाईट म्हणजे काय, मला क्षणभर पटलं होतं. ती स्वतःच म्हणतेय ना. हा माझाच विचार, याचा मला केवढा धक्का बसलाय.

२० ऑगस्ट, बुधवार

गेले. एकटीच. हिराबाईची सून डबा धुवायला गेली तेवढ्यात सगळं सांगून टाकलं. भंडारा, बोल्ट, धनगरवाडा, सगळं. श्वास न घेता.

हिराबाईने कोपरावर जोर देऊन मान उचलली.

"म्हंजे माजं चुकलं न्हाई?"

"नाही."

"वॉल बंद केला म्हून न्हाई निसटलं?"

"नाही हो. तुम्ही बंद केलात म्हणून ते तिथेच पडलं. नाहीतर गिरणीतल्या बायकांवर गेलं असतं."

"माजं चुकलं न्हाई," परत एकदा. आता विचारत नव्हती. मग एकदम हुंदका. आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे बघायला लागले. मी हात धरायला गेले, तिने काढून घेतला. बारा तारखेला सांगायचं ते मी आज सांगतेय, तिने तरी का धरू द्यावा?

डोळे पुसून काय म्हणाली! "ताई, हे हितं माज्या कानात सांगू नगा. माजा नवरा चार दिवसांत दोनदा आला नि दोन्ही येळा मला बोलून ग्येला. माजी जाऊ हसती. वाडीत येऊन सांगा. समद्यांम्होरं."

"येते."

"ज्यानं लावलं त्यालाबी आना."

मी म्हटलं, ते म्हातारे आहेत.

"मी बी काय तरणी न्हाई," म्हणाली.

२३ ऑगस्ट, शनिवार

हिराबाईला घरी सोडलं. पाऊल तसंच, बोटं हललेली नाहीत. महिन्याने बघू म्हणाले. चौघांनी खुर्चीत बसवून वाडीवर चढवली, गणपतने कळवलं.

अण्णांना अजून विचारलंच नव्हतं. चार दिवस शब्द जुळवत होते. संध्याकाळी चहा ठेवला तर स्वतःच म्हणाले, "उंद्या कवा निगायचं?"

कुणी सांगितलं विचारलं. सुनीलने. "जाऊ नका म्हून सांगाया आला हुता. म्हून कळलं."

मग म्हणाले, "त्या बाईचं पाऊल, पोरी. मला दिसतंय सारकं." आणि रडले. अण्णा. माझ्यासमोर. मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले, चहा उतू गेला तरी.

सोळा तारखेला जे तोंडातून गेलं त्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

वाडीच्या खाली, गाडीत बसून लिहितेय. देवळात लोक जमतायत. हिराबाई दिसते इथून, पाय लांब करून, खांबाला टेकून. तिच्या शेजारी कुणीच बसलेलं नाही.

बोलताना गडबड नको म्हणून काल कागदावर लिहून काढलं होतं. आत्ता अण्णांना वाचून दाखवलं. चारच ओळी. चकतीखाली अण्णांनी भंडारा लावला होता. नव्या चाकाला तो चालत नाही. त्यामुळे बोल्ट ढिले झाले. हिराबाईंची काही चूक नाही.

अण्णा ऐकत होते. म्हणाले, "बराबर हाय. आता ह्ये सांग, चाक नवं केलं कुनी?"

"मी."

"आता पकड तोंडात हाय, ह्ये मला सांगितलंस कवा?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. ड्रॉइंग दाखवलं होतं. बोल्ट किती, ते सांगितलं होतं. मध्ये काही येता कामा नये, हे एकदाही नाही. मला वाटलं, कळत असेल. विचारायला गेलं की म्हातारा लांबड लावतो, म्हणून टाळलंच. आणि भंडारा? लहानपणी डबी मीच धरायचे त्यांच्यासमोर! मला माहीत होतं. कप्पाळ माझं, मला माहीत होतं, आणि तेरा दिवसांत एकदाही आठवलं नाही.

"माजं नाव हाय कागदात," अण्णा म्हणाले. रागाने नाही. "राहू दे. खोटं न्हाई त्ये. तुजं कुटं हाय?"

नव्हतं. कुठेच.

कागद फाडला. माझं नाव घालून दुसरा लिहायला वेळ नाही, गणपत वरून हात करतोय. अण्णा उतरलेसुद्धा, घसरड्यातून एकटेच चढायला लागलेत. आधी कोण बोलणार, ठरलेलं नाही.