छेरिंगच्या घरची शेगडी

६ डिसेंबर ९८, रवि.
पाच आठवड्यांनी काल ह्यांचं पत्र. आठ पानं. लग्नाला सहा वर्षं झाली, एवढं कधी लिहिलं नाही. नेहमी चार ओळी. मी खुशाल, तब्येतीला जप, आईला नमस्कार.
तिकडे हिमाचलात, लाहौलला घाट बर्फाने बंद झालाय. आता मे महिन्यापर्यंत कुणी वर नाही, कुणी खाली नाही. पत्रं हेलिकॉप्टरने, हवा बरी असेल तेव्हा. ह्यांचं काम डोझरने रस्त्यावरचा बर्फ काढायचं. बर्फाच्या ओझ्याने बराकीचं छप्पर बसलं, म्हणून माणसं गावातल्या घरांत वाटून दिली. हे छेरिंग नावाच्या बाईच्या घरी. हिवाळाभर सगळं घर एकाच खोलीत. मधे पत्र्याची शेगडी, भोवती दहा-बाराजण, शेजारचेही तिथेच. लोकर कातायची, गप्पा मारायच्या. ह्यांनाही कातायला शिकवलं म्हणे.
इथे पाण्याचा तांब्या हाताने भरून घेतला नाही कधी.

७ डिसें., सोम.
सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. मधली पानं गाळत.
"थांबलीस का? वाच की म्होरं."
"संपलं, आत्ती."
"एवढ्या कागदात एवढंच? ऱ्हातोय कुणाच्या घरात त्यो?"
"छेरिंगच्या."
"बाई का बापय?"
"बाई."
"वय काय?"
"लिवलं न्हाय."
मग म्हणाल्या, "जेवतोय न्हवं नीट? बास झालं."
मला बास होत नाही.

१३ डिसें., रवि.
उत्तर लिहिलं. चार ओळींचं. मुद्दाम. इकडे सर्व खुशाल, शाळा ठीक, आत्तींचे गुडघे दुखतात, कळावे. गारगोटीला जाऊन पेटीत टाकलं. येताना एस.टी.त बरं वाटत होतं. घर येईपर्यंत वाटेनासं झालं.

३ जाने. ९९, रवि.
थंडीचा कडाका. शेजारच्या सुमनने हाक मारली, "बाई, गुऱ्हाळावर चला की. चुलाणापाशी ऊब हाय, समद्या बायका बसल्यात."
वह्या तपासायच्यात म्हटलं. सहा वर्षं हेच सांगते. आता ती आग्रहसुद्धा करत नाही, नुसती विचारते.
दार लावून शाल गुंडाळून बसले. एक वही तपासून झाली नाही. छेरिंगच्या खोलीत आत्ता कोण कोण असेल. ती शेगडीच्या कुठल्या बाजूला बसत असेल, आणि हे कुठल्या.

११ जाने., सोम.
पत्र. सोबत फोटो.
ती माझ्याच वयाची. लाल गाल, हातात लोकर कातायची चाती. शेजारी हे, कानटोपी घातलेले, हसताहेत. ह्यांचे दात दिसणारा एकही फोटो माझ्याकडे नाही. लग्नातलासुद्धा.
तिचा नवरा फौजेत आहे, तीन हिवाळे घरी आलेला नाही. हे वाचून बरं वाटायला हवं होतं की वाईट, कळलं नाही.
शेवटच्या पानावर: 'इथं कुणी कुणाला एकटं बसू देत नाही. आपल्या घरी तू वह्या घेऊन आत आणि मी बाहेर कट्ट्यावर. आत यायला मला संकोच वाटायचा.'
राग आला. तोंड होतं की. हाक मारायची होती. हे सांगायला एवढ्या लांब बर्फात जावं लागलं?
पण कट्ट्यावर बसायचे हे खरं. मला वाटायचं, त्यांना तिथेच आवडतं.

१४ जाने., गुरु. संक्रांत
तिळगूळ द्यायला म्हणून गुऱ्हाळावर गेले. "बाई आल्या," म्हणून बायकांनी सरकून जागा केली. काहिलीत रस उकळत होता, चुलाणाची धग पायांना लागत होती. सुमनने वाटीत गरम काकवी दिली. "मालक काय म्हणत्यात बर्फातनं?"
सांगत गेले. घाट, छप्पर, शेगडी, कातणं. न सांगायचं ठरवलेलं तिचं नावही निघालं.
एक म्हातारी म्हणाली, "तिनं घरात घेतलं म्हणून तुमचा माणूस धड हाय, बाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मला ते आवडलं नाही. म्हातारीचं चुकलं काय, तेही सांगता येईना.
सुमन हळूच, "फोटू धाडलाय? दावा की."
"घरात ऱ्हायला."
पर्समध्येच होता.
तरी दोन तास बसले. उठवत नव्हतं.

२१ मार्च, रवि.
काल पत्र. पुढच्या हिवाळ्याला तिकडे ये म्हणतात. ऑक्टोबरच्या आत पोचायचं, एकदा घाट बंद झाला की सहा महिने परत फिरता येणार नाही. 'छेरिंग म्हणाली, बायकोला का आणत नाही, खोलीत जागा आहे.'
म्हणजे तिने म्हटल्यावर सुचलं.
आत्तींना या वेळी एकही ओळ न गाळता वाचून दाखवलं. ऐकून म्हणाल्या, "जा की. मी सुमनकडं जेवीन. तू घरात असून तरी कुठं असतीस?"
लागलं.
दुपारी बिनपगारी रजेचा अर्ज लिहायला घेतला. नाव, हुद्दा, शाळा भरभर झालं. 'कारण' या शब्दापाशी हात थांबला. त्यांच्यासाठी जायचंय, का तिला एकदा समोर बसवून बघायला. चार वाजता 'पतीकडे' असं लिहिलं. ते खोटं नाही. पण सगळं खरंही...
सही करायची राहिलीय.