त्रेसष्टावी चिप

प्रिय मेंगियामावशीला,

झ्युरिकहून फ्लुरिनचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? शेळ्या डोंगरावर चढवल्यास का? मी धडधाकट आहे (असायला नको होतो, पण आहे).

तू नेहमी विचारतेस, तिथे नक्की करतोस तरी काय. तर ऐक. कार्बनचे अणूएवढ्या जाडीचे दोन पापुद्रे एकावर एक ठेवायचे आणि वरचा जेमतेम अंशभर फिरवायचा. जरा तापले की ते आपसूक सरळ होऊ बघतात (आपल्या ग्रामसभेसारखंच, वेगळं बसायला कुणी तयार नसतं). कोन नेमका साधला, तर कडाक्याच्या थंडीत त्यातून वीज बिनअडथळा वाहते. मधे मुद्दाम अडथळ्याची अरुंद पट्टी ठेवली की झाला सांधा. माझी सहकारी इलेनिया हिनं दोन वर्षांत अशा त्रेसष्ट चिपा केल्या. बासष्ट वाया गेल्या. त्रेसष्टावीच्या सांध्यातून वीज एका बाजूने सहज जाई आणि उलटी अडे, तेही जवळपास चुंबक नसताना. इलेनिया एवढंच म्हणाली, "फ्लुरिन, खुर्ची दे."

मंगळवारी तारा बदलायला चिप शीतयंत्रातून काढली. काम माझं. अंगावर साठलेली वीज चिपमध्ये न जाता जमिनीत जावी म्हणून मनगटाला अर्थिंगची पट्टी बांधायची असते. दोन मिनिटांच्या कामाला कशाला, म्हणून मी बांधली नाही. अंगात तू विणलेला लोकरी स्वेटर होता (दोष स्वेटरचा नाही). बोटाला बारीक चटका बसला. पुढचे दोन दिवस चिप थंड होत होती आणि मला घाम फुटत होता. शुक्रवारी वीज वाहिलीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सांध्याच्या जागी काळं भोक.

प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "कुणाकडून झालं?"

"माझ्याकडून," इलेनिया म्हणाली. "चिपच्या तारांचा अर्थिंगचा खटका मीच उघडा ठेवला असणार."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. आता ती म्हणते, "माझ्या हाताला यश नाही, मी हे सोडते." मग मात्र मी तिला सगळं खरं सांगितलं. तिनंही मोठ्या मनानं माफ केलं.

तुझा,
फ्लुरिन

ता. क. वरची शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा कॉफी घेणार का, एवढं विचारून परत आलो.

ता. क. २ हे पत्र घेऊन आलेली मुलगी तीच, इलेनिया. गवतकापणीपर्यंत तिला ठेवून घे. पाकीट मी मुद्दामच चिकटवलं नाही, पण दुसऱ्याचं पत्र ती उघडायची नाही. मावशी, तिला समोर बसव आणि मोठ्याने वाचून दाखव.